घरी बनवलेल्या हेडफोन केबलमध्ये डावं-उजवं मिसळतंय? आधी तिसरी तार तपासा

जुन्या हेडफोनची वायर तुटते, बाजारातून नवी पिन आणून आपण घरीच जोडतो, दोन्ही कानांत आवाज येतो आणि काम फत्ते झालं असं वाटतं. मग नेहमीचं गाणं लावलं की खटकायला लागतं. गायिका विहिरीत उतरून गातेय की काय असं वाटतं, नाहीतर एकाच बाजूला हवी ती पेटी दोन्ही कानांत वाजते. पिन पुन्हा उघडायची, पुन्हा डाग द्यायचा; चार दिवस बरं चालतं आणि परत ये रे माझ्या मागल्या.

या दुखण्यात माणूस हमखास लाल आणि हिरव्या तारेच्या मागे लागतो, कारण डावं-उजवं त्या दोन तारांत असतं. पण हे चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं आहे. डाव्याचा आवाज उजव्यात घुसतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या तारेतून, म्हणजे दोन्ही बाजूंचा करंट जिथून परत जातो त्या कॉमनमधून. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक केबलींमध्ये घोडं तिथेच पेंड खात असतं. म्हणून इथली सगळी तपासणी कॉमनभोवती फिरते.

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी

फोनच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीच्या भागात, 'मोनो ऑडिओ' नावाचं एक बटण असतं. अँड्रॉइडमध्येही आणि आयफोनमध्येही. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ती सोय आहे, आणि घरातल्या कुणाच्या बोटाने ते बटण कधी चालू झालंय याचा पत्ता लागत नाही. ते चालू असेल तर सोन्याची केबल लावली तरी दोन्ही कानांत एकच वाजणार. तिथेच बॅलन्सची पट्टी असते, ती मध्यावर आहे ना बघा.

मग पिन सॉकेटमध्ये पूर्ण बसते का ते पाहा. सुट्या मिळणाऱ्या पिनांचं धड जाड असतं आणि फोनच्या कव्हरचं भोक लहान. पिन एखाद-दीड मिलिमीटर बाहेर राहिली तरी सॉकेटच्या आतल्या पत्र्या भलत्याच कड्यावर टेकतात आणि डावं, उजवं, कॉमन यांची खिचडी होते. कव्हर काढून ऐका. सॉकेटच्या तळाशी खिशातला धागा-कापूस दाबून बसला असेल तरी हेच होतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने तो काढा. टाचणी घालू नका, आतली पत्री वाकली तर फोनच उघडावा लागेल.

आणि त्याच फोनला दुसरा एखादा धडधाकट हेडफोन लावून बघा. तोही तसाच वाजला तर केबलचा दोष नाही.

कानाने निदान

तीन भागांच्या पिनेचं टोक, म्हणजे टिप, डाव्या कानाचं. मधलं कडं, म्हणजे रिंग, उजव्या कानाचं. बुडाकडचा लांब भाग, स्लीव्ह, तो दोघांचा कॉमन. 3.5 मिलिमीटरची पिन असो की 6.35ची जाड पिन, क्रम हाच.

कॉमन पूर्ण तुटली की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण अर्धी कोडी तिथेच सुटतात. परतीचा रस्ता बंद झाल्यावर डावा आणि उजवा स्पीकर एकामागे एक जोडले जातात, एकाच माळेत. मग दोघांनाही मिळतो तो डाव्या आणि उजव्या सिग्नलमधला फरक. गाण्यात जे दोन्हीकडे सारखं भरलेलं असतं, म्हणजे मुख्य गायक, बास, बहुतेक वेळा ढोलकीचा ठेका, ते आपोआप वजा होऊन जातं. उरतात बाजूची वाद्यं आणि गळ्याची नुसती घुमक. कॅराओके केल्यासारखा आवाज आला की कॉमन तुटली असं छातीठोक समजावं.

यातला एक प्रकार फार फसवा आहे. पन्नाशीच्या दशकातली गाणी मोनो ध्वनिमुद्रणाची. तिथे डावं आणि उजवं तंतोतंत सारखं. कॉमन तुटलेल्या केबलवर असं गाणं लावलं तर वजाबाकीत काहीच उरत नाही, हेडफोन मेल्यासारखा गप्प. लगेच आजकालचं फिल्मी गाणं लावलं की वाजतो. जुन्या गाण्यांच्या शौकिनांना म्हणूनच वाटतं की केबल कधी चालते, कधी नाही. केबल कायमच तुटलेली असते, फरक गाण्यात असतो.

कॉमन तुटलेली नाही पण तिच्यात अडथळा आहे, असंही होतं, आणि ओळखायला ते जास्त अवघड. 32 ओहमचे स्पीकर असताना सामायिक रस्त्यात 10 ओहमचा अडथळा आला, तर मध्यभागचा आवाज सुमारे 4 डेसिबलने खाली जातो आणि बाजूची वाद्यं होती तेवढीच राहतात. गाणं 'बिघडलं' असं कुणी म्हणत नाही. गायक जरा मागे सरकल्यासारखा वाटतो, आणि ऐकणारा दोष रेकॉर्डिंगला देतो.

डावी आणि उजवी तार एकमेकींना चिकटल्या असतील तर गोष्ट उलट. गायक ठणठणीत, पण सगळी वाद्यं डोक्याच्या मधोमध गोळा झालेली. ही केबल तशीच वापरत बसू नका. फोनच्या ॲम्प्लिफायरचे दोन आउटपुट एकमेकांशी झुंजत असतात.

एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली तर? गायकाचा आवाज जात नाही, पण तो कुठे उभा आहे ते सांगता येत नाही आणि बास पातळ होतो. तुटलेल्या कॉमनशी याची गल्लत होते. एक कान काढून ठेवा आणि दुसऱ्याने ऐका. गायक नीट ऐकू आला तर पोलॅरिटी उलटी आहे. एका कानातही तो हरवलेलाच असेल तर कॉमन.

मिसळ होतेय की नाही याची खरी परीक्षा घ्यायची तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्टिरिओ फाइल बनवा: डाव्या ट्रॅकवर 1000 हर्ट्झचा सूर, उजव्यावर शांतता. आवाज कमी ठेवा. डावा कप उशीखाली दाबून फक्त उजवा कानाला लावा, नाहीतर हवेतून येणाऱ्या सुरालाच तुम्ही गळती समजाल. उजवीकडे अगदी बारीक, कान देऊन ऐकावा लागेल असा सूर आला तर ते चालायचंच. सहज ऐकू आला तर मीटर काढा.

मीटर काय सांगतो

हेडफोन फोनपासून सोडवा, मल्टिमीटर 200 ओहमवर लावा. प्रोब एकमेकांना टेकवून मीटरच्या स्वतःच्या वायरीचा आकडा बघा आणि तो मनातल्या मनात वजा करत चला. बीपवर विसंबू नका. बऱ्याच मीटरांत बीप काही दहा ओहमपर्यंत वाजतच राहतो, आणि आपल्याला नेमका तो दहा ओहमचा अडथळाच शोधायचा आहे.

समजा स्पीकर 32 ओहमचे आहेत. टिप ते स्लीव्ह साधारण 32, रिंग ते स्लीव्ह साधारण 32, टिप ते रिंग 64 आलं की जोडणी बरोबर. आकडा 32च यायला हवा असं नाही, 30 येईल, 35 येईल. दोन्ही बाजू सारख्या हव्यात आणि तिसरा आकडा त्यांची बेरीज हवा.

टिप-रिंग 64 पण स्लीव्हशी काहीच लागत नाही: कॉमन तुटली. टिप-रिंग जवळपास शून्य आणि दोन्हीकडून स्लीव्हला 16: डावी-उजवी चिकटल्या, दोन स्पीकर समांतर झाले. टिप-स्लीव्ह शून्य: डावी तार कॉमनला टेकतेय. आणि टिप-रिंग 32, रिंग-स्लीव्ह 32, पण टिप-स्लीव्ह 64 आलं, तर कॉमनची तार रिंगवर गेलीय आणि उजवी स्लीव्हवर. या शेवटच्या प्रकारात उजवा कान वरवर ठीक वाजतो आणि डाव्यात पोकळ आवाज येतो. लोक डाव्या कपाचा स्पीकर बदलून मोकळे होतात.

दोन्ही बाजू 32 आहेत, पण टिप-रिंग 64 ऐवजी 50 आलं तर? मग दोन्ही आकड्यांत कॉमनचा अडथळा दोनदा मोजला गेलाय. 32 अधिक 32 वजा 50, म्हणजे 14. त्याचे अर्धे 7. सामायिक रस्त्यात 7 ओहम आहेत. ही बेरीज-वजाबाकी कागदावर करायची सवय लावा. केबल न उघडता कॉमनची तब्येत कळण्याचा याहून सोपा उपाय माझ्या माहितीत नाही.

प्रोब टेकवताना हेडफोन कानाशी धरलात तर आणखी एक गोष्ट कळते. मीटरच्या बारीक करंटनेही स्पीकरमध्ये खुट् असा आवाज होतो. टिप-स्लीव्हला डाव्या कानात खुट् आणि उजव्यात शांतता हवी.

कॉमनचाच डाग का सुटतो

पिन उघडून बघा. टिप आणि रिंगला जोडलेले दोन बारीक कान असतात आणि स्लीव्हचा एक लांब, रुंद पत्रा, ज्याच्या शेवटच्या दोन पाकळ्या वायरीवर दाबतात. बारीक कान 25 वॉटच्या आयर्नने चटकन तापतात, डाग चमकदार बसतो. तेच आयर्न स्लीव्हच्या पत्र्याला लावलं की सगळी उष्णता पिनेच्या अख्ख्या धातूत पसरते. सोल्डर वितळतो, पत्र्यावर गोळी होऊन बसतो, पण पत्र्याला धरत नाही. त्यात पाकळ्या दाबलेल्या, त्यामुळे तांबं नुसतं दाबाने टेकलेलं असतं. मीटर बीप देतो. आपण झाकण फिरवतो. काही दिवसांनी तांब्यावर काळपट थर चढतो, वायर दोन-चारदा ओढली जाते, आणि गायक पुन्हा गायब. मघाचं 'परत ये रे माझ्या मागल्या' बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय साधा आहे. वायर आणण्याआधी रिकाम्या पत्र्यालाच सोल्डर चढवून घ्या. पत्र्याची जागा ब्लेडने किंवा बारीक कागदाने खरवडा, फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारं मलम) लावा, आयर्नचं टोक आडवं करून जास्तीत जास्त पृष्ठभाग टेकेल असं धरा. सोल्डर पाण्यासारखा पसरला की समजा चढला. मग सोल्डर चढवलेली तार त्यावर ठेवून क्षणभर आयर्न टेकवायचं, बास. 63-37चा सोल्डर 183 अंशांना एकदम वितळतो आणि एकदम गोठतो. मधली लिबलिबीत अवस्था नसते, त्यामुळे हात हलल्याने डाग भुसभुशीत व्हायची भीती कमी. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडून तोच मागा.

पण एकाच जागी फार वेळ आयर्न धरलंत तर दुसरं संकट. पिनेच्या आत टिप, रिंग आणि स्लीव्ह वेगळे ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्या मऊ पडल्या की कडी सरकतात आणि आतल्या आत शॉर्ट होतात. बाहेरून सगळं देखणं, मीटर मात्र शून्य. अशी पिन फेकून द्यायची. काम करताना पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवली तर कडी जागेवर राहतात आणि थोडी उष्णताही सॉकेट पिऊन घेतं. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पिना घेताना झाकण उघडून स्लीव्हचा पत्रा बघून घ्या. पातळ चमचमीत पत्रा आणि मेणासारखं प्लास्टिक दिसलं तर दहा रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

तांबं दिसतंय पण डाग धरत नाही

कंपनीच्या इअरफोनची वायर सोललीत की आत लाल, हिरवे किंवा निळे आणि तांबूस रंगाचे केसासारखे धागे निघतात. ते उघडं तांबं नव्हे. एकेका धाग्यावर लाखेसारखा थर असतो, तांबूस दिसणाऱ्यावरही पारदर्शक थर असतोच. म्हणून तीन रंगांच्या तारा एकाच नळीत नुसत्या बाजूबाजूने राहू शकतात. तो थर गेला नाही तर डाग वरून बसल्यासारखा दिसतो आणि आत संबंध नसतो. किंवा दहा धाग्यांपैकी तीनच लागतात आणि अडथळ्याचा खेळ सुरू होतो.

लायटरने जाळू नका. थर जळतो खरा, पण त्याबरोबर तांबं काळं पडून ठिसूळ होतं, आणि काळ्या तांब्यावर सोल्डर बसत नाही. पॉलिश पेपर जाड तारेला ठीक, केसासारखे धागे त्यात तुटून जातात. योग्य रीत अशी: आयर्न 380 ते 400 अंशांवर घ्या, टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब करा आणि तारेचं टोक त्या थेंबात बुडवून धरा. आधी काही होत नाही. मग थेंबाच्या कडेने बारीक धूर निघतो, थेंब जरा मळकट होतो, आणि पाहता पाहता तार रुपेरी होत वर येते. थेंब झटकून नवा घ्या, पुन्हा एकदा बुडवा. तो धूर घशाला लागतो आणि चांगला नसतो. खिडकी उघडी ठेवा, तोंड वाकवून बसू नका.

त्याच वायरीत मधोमध पांढरा नायलॉनचा दोरा असतो, ताण घ्यायला. तो डागात आला की वितळून चिकटतो आणि सोल्डर धरू देत नाही. डागाच्या जागेपासून मागे तो कापून टाका.

रंगावर भिस्त ठेवू नका. लाल उजवा, हिरवा किंवा निळा डावा, तांबूस कॉमन हा प्रघात आहे, कायदा नव्हे. दोन्ही बाजूंचे कॉमन वेगळे असतील तर कधी ते लाल-तांबूस आणि हिरवा-तांबूस असे मिश्र धाग्यांचे असतात. जोडण्याआधी प्रत्येक तार मीटरने स्पीकरपर्यंत लावून बघा.

झाकण उघडं असताना ठीक, फिरवलं की एक बाजू बंद

ही तक्रार ऐकली की केबल न बघताही सांगता येतं. पिनेचं धातूचं झाकण आट्यांमधून स्लीव्हला जोडलेलं असतं. टिप किंवा रिंगच्या कानावर सोल्डरचा डोंगर झाला असेल, किंवा एखादा धागा बाहेर डोकावत असेल, तर झाकण बसताच तो कॉमनला टेकतो. पिनेबरोबर येणारी प्लास्टिकची पारदर्शक नळी लोक बिनकामाची समजून टाकून देतात. ती याचसाठी असते. नसेल तर हीट श्रिंक नळीचा तुकडा किंवा जाड सेलोटेपचा एक वेढा चालेल. स्लीव्हच्या पाकळ्या फार जोरात दाबल्या तर त्यांचे दात आतल्या तारेचं आवरण फोडून हाच प्रकार करतात. पाकळ्या बाहेरच्या जाड आवरणावर दाबायच्या, आतल्या तारांवर नव्हे. आणि मीटरची शेवटची फेरी झाकण पूर्ण फिरवल्यावर.

झाकण वायरीत आधी ओवून घ्यायचं असतं, हे सांगायची गरज नाही. तरी सांगतो.

नवी केबल बनवत असाल तर: चार तारा थेट पिनेपर्यंत

आता मूळ मुद्दा. दुरुस्ती नव्हे, नवी केबल बनवायची असेल तर दोन्ही कानांची परतीची तार वेगवेगळी ठेवा आणि ती फक्त पिनेच्या स्लीव्हवर एकत्र आणा. वायच्या फाट्यावर, म्हणजे डाव्या-उजव्या कानाच्या वायरी वेगळ्या होतात तिथे, एकत्र केलीत, तर फाट्यापासून पिनेपर्यंतच्या तारेत दोन्ही बाजूंचा करंट वाहतो, आणि त्या तारेवर डाव्यामुळे जो व्होल्टेज पडतो तो उजव्या स्पीकरला उलट्या दिशेने ऐकू येतो. गळतीचं प्रमाण ढोबळमानाने सामायिक तारेचा रोध भागिले स्पीकरचा रोध.

अमेरिकन मापाची 30 गेजची तार दर मीटरला सुमारे 0.34 ओहम. फाट्यापासून पिनेपर्यंत दीड मीटर धरा: 0.5 ओहम. स्पीकर 32 ओहमचा असेल तर गळती एक चौसष्टांश, म्हणजे मुख्य आवाजापेक्षा 36 डेसिबल खाली. 16 ओहमच्या इअरफोनला 30 डेसिबल. 300 ओहमच्या स्टुडिओ हेडफोनला 55 डेसिबल, तिथे तिचं नावही घ्यायचं कारण नाही. 26 गेजची, म्हणजे जाड, तार घेतली तर रोध दर मीटरला 0.13वर येतो आणि आकडे आपोआप सुधारतात.

30 डेसिबल म्हणजे फार वाईट का? माझ्या मते नाही. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमध्ये डाव्या-उजव्यातलं अंतर 25-30 डेसिबलच्या आसपास असायचं आणि लोकांनी त्यावर आयुष्यभर मनापासून स्टिरिओ ऐकला. पण चार तारांना जास्तीचा खर्च जवळपास शून्य आहे, आणि दोन डागांपैकी एक सुटला तर एकच कान बंद पडतो. दोष लगेच कळतो. तीन तारांत कॉमन सुटली की दोन्ही कान बिघडतात आणि कशामुळे ते कळत नाही. मला हे कारण डेसिबलपेक्षा मोठं वाटतं.

चार तारांची स्टार-क्वाड माइक केबल यासाठी छान. तिच्यावरची जाळी, म्हणजे तारांभोवतीचं धातूचं वेष्टन, मोकळी सोडा किंवा फक्त पिनेच्या बाजूला स्लीव्हला लावा. परतीची तार म्हणून वापरू नका.

प्रत्येक चॅनेलला वेगळी जाळी हवी, नाहीतर आवाज एका तारेतून दुसरीत 'उडतो', असं सांगणारे भेटतात. दीड मीटरच्या केबलमध्ये दोन तारांमधली कपॅसिटन्स 150 पिकोफॅरड धरली, तर 20,000 हर्ट्झलाही तिचा अडथळा सुमारे 53,000 ओहम. समोर ॲम्प्लिफायरचा आउटपुट एखाद ओहमचा. त्या वाटेने काही उडत नाही. हीच केबल ऑक्स म्हणून ॲम्प्लिफायरच्या लाइन इनपुटला लावणार असाल तर हिशेब उलटा होतो: तिथे समोर 10,000 ओहम असतात, सामायिक तारेची गळती नगण्य, पण बाहेरची गुणगुण पकडली जाऊ नये म्हणून जाळी हवी.

चार भागांची पिन आणि तिचे घोळ

माइकवाल्या फोन हेडसेटची पिन चार भागांची: टिप डावा, पहिलं कडं उजवा, आणि उरलेल्या दोघांत एक कॉमन, एक माइक. आजच्या फोनांत सीटीआयए क्रम असतो: दुसरं कडं कॉमन, स्लीव्ह माइक. जुन्या काही फोनांत ओएमटीपी, म्हणजे नेमकं उलट. दोन्हींची गाठ पडली की कॉमन माइकच्या वाटेने जाते आणि गायक पुन्हा विरघळतो. ओळख अशी: हेडसेटचं बटण दाबून धरा. गाणं थांबेल-सुरू होईल, पण बटण दाबलेलं असेतो आवाज भरल्यासारखा आला तर क्रमाचाच घोळ. बटण माइक आणि कॉमन एकमेकांना जोडतं म्हणून तसं होतं.

माइक नको असेल तर सरळ तीन भागांची पिन वापरा. हाताशी चार भागांचीच असेल तर दुसरं कडं आणि स्लीव्ह दोन्ही कॉमनला जोडा, मग फोन कुठल्याही क्रमाचा असो.

बॅलन्स्ड सॉकेटच्या, म्हणजे जिथे दोन्ही कानांना कॉमन नसून स्वतःची वेगळी मायनस असते त्या सॉकेटच्या, बाबतीत मात्र ही युक्ती अजिबात करू नका. 4.4 मिलिमीटरच्या पाच भागांच्या पिनेत टिप डावा प्लस, मग डावा मायनस, उजवा प्लस, उजवा मायनस आणि स्लीव्ह ग्राउंड. 2.5 मिलिमीटरच्या पिनेत टिप उजवा मायनस, मग उजवा प्लस, डावा प्लस, आणि स्लीव्ह डावा मायनस. इथे दोन्ही मायनसना स्वतंत्र ॲम्प्लिफायर ढकलत असतात. त्यांना कॉमन समजून एकत्र बांधलंत, किंवा तीन तारांचा हेडफोन अडॅप्टरने तिथे खोचलात, तर आउटपुट स्टेज जळू शकतो. चार तारांच्या केबलचा दुसरा फायदा हाच: उद्या बॅलन्स्ड पिन लावायची झाली तर फक्त पिन बदलायची.

पुन्हा पुन्हा तुटतंय

मीटर ओहमवर, प्रोब मगरचिमट्यांनी टिप-स्लीव्हला पकडलेले, आणि वायर पिनेच्या मानेपासून बोटभर अंतराने हळूहळू वाकवत जा. आकडा उडाला तिथे धागे तुटलेत. बहुतेकदा ती जागा डागाच्या लगेच मागे निघते: सोल्डर तारेत वर ओढला जाऊन तिला कडक करतो, आणि कडक-मऊच्या सीमेवर ती तुटते. म्हणून तारेला सोल्डर चढवताना टोकाची तीन-चार मिलिमीटरच भिजू द्या. झाकणाच्या आत ग्लू गनचा एक ठिपका, मानेवर स्प्रिंग किंवा हीट श्रिंकचे दोन थर, आणि कपाच्या आत शिरल्यावर वायरीला एक साधी गाठ, म्हणजे ताण डागावर येत नाही.

केबल एकाच कपात शिरणारा हेडफोन असेल आणि वरचं सगळं करूनही गळती राहिली, तर कप उघडा. अशा हेडफोनांत उजव्या स्पीकरच्या तारा डोक्यावरच्या पट्टीतून जातात आणि दोन्हींचा कॉमन डाव्या कपातच एका छोट्या सर्किटवर बांधलेला असतो. कपावरचं सॉकेटही तीनच भागांचं. तुमच्या केबलच्या चार तारा तिथे वेगळ्या राहूच शकत नाहीत. मग त्यातल्या दोन जोडून एकच जाड कॉमन करा, रोध निम्मा होईल, आणि कपातला तो कॉमनचा डाग नव्याने द्या. कंपनीने दिलेलाही असाच रुंद पट्टीवरचा असतो, आणि तोही बऱ्याचदा थंड पडलेला, म्हणजे वरून बसलेला पण आत न धरलेला, सापडतो.